विजू-शालूचं नवं सोंग

३ फेब्रुवारी, सोमवार

सोलापुरात दाखल! नातेपुत्याहून एसटीने आलो, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन भवानी पेठेत गुरप्पा अण्णांचा छापखाना शोधला. खाली छपाईचं यंत्र, वर माझी खोली, त्याच्यावर गच्ची. अण्णांच्या सुनेने, हेमावतीताईंनी, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे ठेवलं. मी इतकं हादडलं की माझी मलाच लाज वाटली.

ज्या 'विजू-शालू'वर मी लहानाचा मोठा झालो, ती चित्रकथा आता मी काढणार! दोघं भाऊ-बहीण, सापडलेलं पाकीट परत करणारे, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देणारे, शेवटच्या चौकटीत सरबत पिणारे. इतकी गुणी पोरं आता कुणी विकत घेत नाही, शिवाय अण्णांचा हात थरथरतो. म्हणून माझी नेमणूक.

९ फेब्रुवारी, रविवार

आज अण्णांची कामाची पद्धत पाहिली. ते मनाने चेहरे काढत नाहीत, पेठेतली पोरं गच्चीवर उभी करून काढतात. सध्याची शालू म्हणजे त्यांची नात, हेमावतीताईंची मुलगी दानेश्वरी. नववीत आहे, तोंडाची टकळी क्षणभर बंद नसते. विजू म्हणजे शेजारचा सोमेश, तो तितकाच लाजाळू. शालूची ओढणी अंगावर आली की दानेश्वरी एकदम शहाण्यासारखी उभी राहते, ते बघून हेमावतीताईंना हसू आवरत नाही.

काम संपल्यावर एक गंमत झाली. ओढणी उतरवली की अण्णा पोरांच्या तळहातावर शेंगा-गूळ ठेवतात आणि प्रत्येकाला घरच्या नावाने हाक मारतात. 'दानी!' पोरीने 'ओ' म्हटलं की मगच जिना उतरायचा. सोंग जिथं घेतलं तिथंच उतरवायचं, अंगावर घरी न्यायचं नाही, असं अण्णांचं म्हणणं. मला काय, पोरांना शेंगा मिळत असतील तर बरंच आहे.

१२ फेब्रुवारी

अण्णांना पटवलं. विजू-शालू आता झॉम्बी होणार! बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्यातून मेलेली माणसं बाहेर येतात, शहरभर चावत सुटतात आणि पहिला घास आपली गुणी पोरं. दर आठवड्याला एक भाग, थेट मोबाइलवर. अण्णांनी शालूचं जुनं चित्र हातात घेतलं. मग म्हणाले, तुमचा काळ हाय, करा. पण माझी शालू लई गुणाची हाय ओ.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आज अक्कलकोटला बहिणीकडे गेले. जाताना शेंगा-गुळाचा डबा माझ्या हातात दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

झॉम्बींची पहिली बैठक. मान उजव्या खांद्यावर, जबडा सैल, हात लोंबते. दानेश्वरी नुसती खिदळत होती. शेवटी रागावलो. म्हटलं, कैक दिवसांची भूक लागलीय असं समज. समोर आई आहे, पण ती आई आहे हे तुला कळत नाही, फक्त वास येतोय.

आणि ते आलं. दोघांच्याही डोळ्यांत आलं. मी इतकं चांगलं काम आजवर केलेलं नाही.

हाक मारली असती तर ते मोडलं असतं. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून डबा उघडलाच नाही. ओढणी तेवढी काढून घेतली आणि पोरांना खाली पाठवलं.

१८ फेब्रुवारी

पहिला भाग तुफान चालला. मोबाइल सारखा वाजतोय.

हेमावतीताई सांगत होत्या, दानी परवापासून बोलत नाही, भाकरीला हात लावत नाही, हाक मारली तर बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. थोड्या वेळाने ती जिन्यात दिसली. मान उजव्या खांद्यावर, मी ठेवायला लावली होती अगदी तशी.

सोंग उतरलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. इथं तरी खरं लिहितो. पहिल्यांदा भीती वाटली नाही, आनंद झाला. मी खिशातून मोबाइल काढला आणि तिचा फोटो घेतला.

२० फेब्रुवारी

अण्णांचा फोन. पोरांस्नी गूळ देताय न्हवं, असं विचारलं. मी हो म्हणालो. अगदी सहज म्हणालो. त्यांनी आशीर्वाद दिला, तो ऐकवला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बैठक. आज काही सांगावंच लागलं नाही. सोमेश माझ्या मनगटाकडे बघत होता. आजही डबा उघडला नाही — एवढा एकच भाग, मग पुढच्या रविवारी नक्की.

गर्दीच्या चित्रासाठी मोठी माणसं हवी होती. पोरं गेल्यावर मीच गच्चीवर मोबाइल लावून उभा राहिलो. मान, जबडा, हात. माझी आई डोळ्यांपुढे आणली. फोटो फार छान आले.

२४ फेब्रुवारी

सोमेशने धाकट्या भावाच्या खांद्याचा लचका तोडला. टाके पडले. सोमेशच्या आईने त्याला बडव बडव बडवलं, त्याची पापणी लवली नाही. माझ्यामुळे. त्या माऊलीला सांगायची हिंमत झाली नाही.

चहाला मातीची चव येतेय. भाकरी नको वाटते.

२५ फेब्रुवारी

अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. डोळ्यांवर पट्टी आहे, निघता येत नाही. एवढंच म्हणाले, पोरांस्नी वर न्या, तितंच हाक मारा, 'ओ' येईस्तोवर सोडू नका.

मी भित्रा आहे. आज नेलं नाही. उद्या.

२६ फेब्रुवारी, दुपार

गच्चीवर. वही बरोबर आणलीय, लिहीत राहिलं की धीर राहतो. दार आतून लावलंय. हेमावतीताई पलीकडे उभ्या आहेत.

सोमेश आला! हाका मारून घसा बसला, पण 'ओ' म्हणाला. रडत खाली पळाला. दार पुन्हा लावलं.

आता दानी. तळहातावर गूळ ठेवला, हात धरून ठेवलाय. दानी. दानी. बघत नाही —

ताई दार वाजवताहेत. उघडणार नाही. मी बिघडवलंय, मीच —

दानी —

ओठ हलले —

'ओ' म्हणाली! आली! डोळे तिचेच आहेत. रडतेय. म्हणतेय, सर, हात सोडा की. लई दुखतंय ओ —

हात तर मी केव्हाच —

नाही. हात नाही. दात. माझे दात आहेत.

सुटत नाहीत. तोंड तिच्या मनगटावर आहे, बोलता येत नाही. उजवा हात अजून ऐकतो, म्हणून लिहितोय.

रविवारी मीही इथंच उभा होतो. मला कुणी हाक मारली नाही. ती 'सर, सर' करतेय, त्याने काही होत नाही. घरचं नाव लागतं. ते इथं कुणालाच —

गोड लागतंय. देवा, गोड —

दानी, इकडे बघ. वही बघ. मोठ्याने वाच. घरी मला सि—