भिंतीपलीकडे कोण?

रविवार, संध्याकाळ

भाड्यानं द्यायला हैदराबादचा फ्लॅट घ्यायचा म्हणून आज बाबांना दलालानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "बांधाला कोण हाय?"

मी हसलो. फ्लॅटला कुठला बांध?

"भिंत तर हाय ना. पलीकडं कोण ऱ्हातं?"

माहीत नाही. लिफ्ट, पार्किंग, भाडं, सगळं विचारलं, हेच नाही. कंधारची जमीन घेताना बाबा आधी शेजारच्या शेतकऱ्याकडं चहाला जाऊन बसले होते. मग सौदा. अन् मी परराज्यात व्हिडिओवर इसार द्यायला निघालो. भिंतीपलीकडचा भांडकुदळ निघाला, तर भाडेकरू टिकेल?

शुक्रवारच्या बसची दोन तिकिटं काढली. दुसरं कोणाचं, हे बाबांनी विचारलं नाही. 'तुमच्याकडं चहा घेऊ का' हे तेलुगूत कसं म्हणायचं, तेवढं विचारलं.