मायला कुठे उतरवायचं

उधना, सुरत
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप गजेंद्रदादास,

उज्ज्वलाचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे आम्ही बरे आहोत. गावाकडे थंडी फार पडली आहे, असं हेमराज सांगत होता. इथल्या पर्वत पाटियाहून कापडाच्या गाठी घेऊन त्याची गाडी साक्रीला येते, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देते. आजच्या काळात सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ आली, कारण भाऊसाहेब बहिणीचा फोन उचलत नाहीत. राग किती मुरवायचा, लोणचं आहे का ते?

राघोकाकांवरून तू रागावलास, हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात ते आमच्या हॉस्पिटलमध्येच वारले. उज्जीने म्हाताऱ्याला अडकवून ठेवलं, त्याचा जीव आता सुरतेत भटकतो, असं भावकी म्हणते. दादा, एकदा माझंही ऐकून घे.

मी साधी नर्स होते तेव्हापासून बघत आले. डॉक्टर हात टेकायचे आणि म्हणायचे, "अब घर ले जाओ, सेवा करो." धुळ्याची, नंदुरबारची माणसं लगेच ॲम्ब्युलन्स करायची. गावच्या मातीला पोचवायचं, बस. कितीतरी जण नवापूरच्या आधीच संपायचे. ते आमच्या हिशेबात नाहीत आणि कोणाच्याच नाहीत. हॉस्पिटलचा कारभार माझ्याकडे आला त्या वर्षी ट्रस्टच्या सभेत सांगितलं गेलं, की आपल्याकडे मृत्यू फार कमी होतात. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, कमी होत नाहीत शेठ, आपण माणसं वाटेला लावतो आणि ती तिकडे मरतात.

मग कोपऱ्यातली खोली रिकामी करून घेतली. तिथे घरच्यांनी दिवसभर बसावं, डबा आणावा, भजन म्हणावं. शेठ वैतागून म्हणाले, "बेन, आ हॉस्पिटल छे के धर्मशाळा?" मी म्हटलं, दोन्ही. आता दर आठवड्याला डॉक्टर, सिस्टर, झाडूवाल्या मावशी आणि वॉचमन एकाच सतरंजीवर बसतात आणि एकेका पेशंटबद्दल बोलतात. मोठे डॉक्टर आधी गुडघ्यांचं कारण सांगायचे, आता मांडी घालतात. नियम दोनच केले. पेशंटला त्याच्या भाषेत विचारायचं, तुमच्यासाठी काय करू? आणि शेवटाला आलेल्या माणसाला गाडीत घालायचं नाही.

राघोकाकांनाही विचारलं होतं. नातवंडं इथेच बमरोलीला आहेत, त्यांना बोलवा आणि मला हलवू नका, असं ते म्हणाले. पोरं उशाशी होती, दादा. भावकीला हे कोणी सांगितलं नसणार.

माझ्याकडे मायची तब्येत ठीक आहे. जेवण जरा कमी झालंय, पण वय झालं, चालायचंच.

तुझी,
उज्ज्वला


उधना
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

मागच्या पत्रात मायबद्दल लिहिलेलं खोटं होतं. तिच्या किडन्या गेल्या आहेत. डायलिसिस तिनेच बंद करायला लावलं. "सुया टोची टोची माले चाळणी करी टाकं," म्हणाली आणि हसली. आता ती त्याच कोपऱ्यातल्या खोलीत आहे. तुला आधी कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. शेवटी हेमराजकडून कळलंच तुला आणि त्याच्याच तोंडी तसाच निरोप आला, गाडी पाठवतो, मायला गावी आण.

मी नाही म्हटलं. हेमराजला जरा जास्तच तोडून बोलले. त्याचा काय दोष? त्याला चहा तरी द्यायला हवा होता.

पण तुझी गाडी म्हटलं की मला आबांची गाडी दिसते. ती आपल्या दोघांनाही दिसते, आपण फक्त बोलत नाही. याच हॉस्पिटलमधून आपण वडलांना गावी न्यायला काढलं होतं. कोंडाईबारीच्या घाटात त्यांनी मायकडे बघितलं आणि मान टाकली. मी नाडी धरून होते. तू म्हणालास, "बाटली चालू ठेव." वाटेत गेला म्हटलं तर जीव वाटेतच राहिला असं गाव म्हणेल आणि मायला जन्मभर ते ऐकावं लागेल, एवढंच तुझ्या मनात होतं. गल्लीत शिरताना तू सलाईनची बाटली डोक्याच्या वर धरली होतीस. मायने खाटेवर त्यांच्या तोंडात पाणी घातलं, ते ओठांच्या कडेने खाली आलं आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, घोट घेतला. गावाने मान डोलावली. घरच्या खाटेवर गेला, भाग्याचा, म्हणाले.

परवा मी तिच्यापाशी तुझ्यावर चिडले, तर तिने मला गप्प केलं. "गज्यानी मन्हासाठे करं ते. त्याले काही बोलू नको." तू तिच्यासाठी केलंस, हे तिला पहिल्यापासून कळलेलं आहे. तुला हे कळावं म्हणून लिहिते.

आणखी एक लिहायचं होतं, आजवर टाळत आले. आबा गेल्यापासून मायला एसटीने गावी आणताना घाट लागला की ती खिडकीकडे सरकते. पदर आवरते, बाकावर अर्धी जागा करून ठेवते. पहिल्यांदा मी तिथे पिशवी ठेवली, तर तिने उचलून माझ्या मांडीवर दिली. घाट संपून दहिवेल गेलं की त्या रिकाम्या जागेवर हळूच हात फिरवून बघते.

येऊन भेट तिला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

उज्ज्वला


उधना
१० फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र आज रात्रीच तुला पोचवायला हेमराज खाली गाडी सुरू ठेवून थांबला आहे. काल दुपारचं सांगते.

खोलीतली सुषमा सिस्टर आपल्याकडचीच, शिंदखेड्याची. नियमाप्रमाणे तिने मायला विचारलं, "पुष्पामाय, काय करू तुम्हनाकरता?" मला वाटलं आता गावाचं नाव घेणार आणि मी मनात उत्तर जुळवू लागले. माय म्हणाली, "गावले नको. माले घाटमा उतारी द्या. तो तठेच बठेल शे, थंडीमा."

सुषमाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भ्रम आहे, रक्तात विष चढलं की असं होतं. मायने डोळे उघडले आणि अगदी शुद्धीत म्हणाली, "तूच इचाराले लावं ना? मंग आईक."

दादा, त्यानंतर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. भर दुपार, खाली रिक्षांचा गोंधळ. परत वळले तर खोलीच्या कोपऱ्यात आबा. लुंगी, तोच तपकिरी स्वेटर, आणि एक हात वर. स्वतःची बाटली स्वतःच धरून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. फार दमलेले दिसत होते. मी इतकी वर्षं मरणं पाहिली, मुडदे उचलले, मला कधी काही दिसलं नाही. तू मला वेडी म्हण. मी स्वतःला तेच म्हणून बघितलं, पण त्याने काही फरक पडला नाही.

संध्याकाळी सतरंजीवर सगळ्यांना सांगितलं, की मी मायला घेऊन जाते आहे. डॉक्टर म्हणाले, वाटेत काहीही होऊ शकतं. झाडूवाल्या मावशी डोळे पुसत होत्या. सुषमाने मात्र सरळ विचारलं, "मॅडम, दुसऱ्या कोणाची आई असती तर सोडलं असतं का?" राघोकाकांच्या आधी आणि नंतर, पेशंटला गावी न्यायला आलेल्या किती घरच्यांना मी या दारातून मागे फिरवलं, ते सगळे मला तिथे बसलेले दिसले. मी सांगितलं, की नियम बदलावा लागेल. गाडीत घालायचं नाही, हा नियम मी आबांच्या भीतीने केला होता. पेशंट काय मागतो ते ऐकायचं, एवढाच नियम राहील. गाडी लागली तर बरोबर सिस्टर जाईल, औषध जाईल, माणूस वाटेत गेला तर वाटेत गेला म्हणून सांगितलं जाईल. शेठना ते आवडणार नाही. कदाचित माझी खुर्चीही जाईल. जाऊ दे.

उद्या उजाडलं की निघतो. सुषमा सोबत येते आहे. मायला दुखणार नाही, एवढं मी बघेन. आबांनी मान टाकली त्या वळणावर गाडी थांबेल. तू गावाकडून ये, तुला ती जागा दाखवावी लागणार नाही. माय तोवर असेल की नाही, मला सांगता येत नाही. नसली तर गावाला आपण दोघं मिळून खरं तेच सांगू.

आबा तिथे आहेत की नाहीत, ते मला माहीत नाही. मी गाडीचं मागचं दार उघडून ठेवणार आहे, मायला हवं तितका वेळ. पण ते दार परत लावायला माझा हात धजणार नाही, दादा. ते तू येऊन लाव.

वाट बघणारी,
तुझी उज्जी