लाल जर्सी

२६ ऑगस्ट, सोमवार

लाल जर्सी गेली! सकाळी सरावाला गेलो तर माझ्या खुंटीवर पांढरी लटकत होती आणि लाल त्या कोल्बीच्या खुंटीवर. सरावात लाल जर्सीवाल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाताने फेकून सगळा खेळ चालवणाऱ्याला, कुणी हात लावायचा नाही, हा नियम. दोन वर्षं ती माझ्या अंगावर होती. आता कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि माझी जागा एका पहिल्या वर्षाच्या पोराला!

कोच हॅस्केलनी बोलावून घेतलं. "एमेट, पोरा, संघाला तुझी गरज आहे. फक्त जागा वेगळी." वेगळी म्हणजे — मैदानाच्या कडेला टोपी घालून उभं राहायचं आणि हातवारे करून कोल्बीला पुढची खेळी कळवायची. वाहतूक पोलीस! मी "येस सर" म्हणालो. दारसुद्धा हळूच लावलं.

बघून घेईन.

७ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. म्हणजे ते जिंकले.

डॅड पाळी बदलून, धान्याच्या कोठारावरून तसाच आला होता, टोपीवर भुसा. गरम चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाच्या, रांगेत कुणीतरी त्याला विचारलं, "एमेटला काय दुखलंबिखलंय का?" डॅड म्हणाला, "नाही, ठणठणीत आहे." एवढंच. मी मागेच उभा होतो. रांग सोडून निघून आलो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हा कोल्बी म्हणजे डोक्याला ताप. जेवताना नेमका शेजारी येऊन बसतो. चिलीत दालचिनीचा रोल बुडवत विचारतो, "थंडीत चेंडू कसा धरतोस रे तू?"

"हातात."

सगळं टेबल हसलं. तोही हसला, येडा! हेल्मेट काखेत मारून उभं राहायची ढबसुद्धा माझीच उचललीय. जागा घेतलीस, आता चालही घे!

५ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं!!

हातवारे करताना तो माझ्याकडे टक लावून बघतो, म्हणून मलाही त्याच्याकडे बघावं लागतं. आज ध्यानात आलं — चेंडू फेकायची खेळी असली की तो आधी उजव्या हाताची बोटं जिभेला लावतो. पळणाऱ्याच्या हातात द्यायचा असला की लावत नाही. एकदाही चुकला नाही. कोचचं डोकं हातातल्या कागदात, त्यांना काय दिसणार? त्याला स्वतःलाही पत्ता नसावा.

कुणाला बोललो नाही. असली चीज योग्य दिवसासाठी राखून ठेवायची.

२ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा जिंकले. बेकरीच्या काचेत कोल्बीच्या नंबराचा केक. चालू दे.

१० नोव्हेंबर, रविवार

गॅरेटला फोन केला. माझा आतेभाऊ, लिंडेन कॉलेजच्या बचावफळीतला रेडा. येत्या शनिवारी लिंडेनशीच शेवटचा सामना, आमच्या मैदानावर.

"बोटं चाटली की फेकणार. नाही चाटली तर हातात देणार. सोलून काढा त्याला."

तो म्हणाला, "शुद्धीवर आहेस ना? तुझाच संघ आहे तो."

"होता."

"अरे, पण तुमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचा मान असतो ना त्या दिवशी? मामा येणार असेल."

म्हणून तर! कोल्बीचे तीनतेरा वाजले की हॅस्केलला माझ्याकडेच यावं लागेल. सगळ्या गावासमोर. डॅडच्या डोळ्यांदेखत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लिहायला हात उठत नाही.

सामन्याआधी नावं पुकारली. आम्ही शेवटच्या वर्षाचे एकेक जण आईबापांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेलो. डॅडने चर्चचा कोट घातला होता. हळूच म्हणाला, "आज तरी खेळवतील का रे तुला?"

म्हटलं, "बघच तू."

लिंडेनवाल्यांनी कोल्बीला अक्षरशः पिंजून काढलं. बिचाऱ्याला कळेना काय होतंय ते. बिचारा! मी कडेला मजेत हातवारे करत होतो. मग गॅरेट सरळ घुसला आणि कोल्बीला घेऊनच खाली आला. खांदा निखळला. असा ओरडला तो! मला तो बाकावर बसलेला हवा होता, असा नव्हे.

पण तेवढ्यात हॅस्केल ओरडले, "एमेट! टोपी काढ!" लोकांनी माझ्या नावाचा गजर केला. डॅड बाकावर चढून उभा होता. मी कोल्बीला विसरलो. साफ विसरलो.

आणि मग — फेकायला जावं तर लिंडेनवाले आधीच तिथे! हातात द्यावा तर सगळे पळणाऱ्याच्या अंगावर! पुन्हा पुन्हा तेच. हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलं होतं, ते काढायलाही उसंत मिळाली नाही. कुणीतरी ओरडलं, "त्या पोरालाच आणा, एका हाताने याच्यापेक्षा बरा खेळेल!"

हरलो. सणसणीत हरलो. डॅड ट्रकपाशी थांबला होता. "थंडी होती," म्हणाला, "चेंडू निसटत असेल." माझ्याकडे न बघता किल्ली शोधत राहिला.

गॅरेटने दगा दिला. माझ्यावरही काहीतरी हुडकून काढलं मेल्याने. त्यालाही बघून घेईन.

१७ नोव्हेंबर, रविवार

कोचनी सामन्याचं चित्रण लावलं. पडद्यावर मी. बोटं जिभेला — फेक. बोटं नाहीत — हातात दिला. बोटं जिभेला — फेक.

हात गळ्यात बांधून कोल्बी शेजारीच बसला होता. चांगल्या हाताने मला ढोसून कुजबुजला, "बघ, बघ! तुझीच सवय लागलीय मला. शाळेत असताना दर शनिवारी यायचो ना तुला बघायला!"

किती खूश होता तो.