एक नंबर, एक पेशंट

४ नोव्हें., मंगळ.
मास्तर आज पुन्हा पिवळा. ऑफिसनं कोड तपासायचं टूल आणलं तेव्हापासून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. चूक असली की लाल, शंका असली की पिवळा. सगळं हिरवं झाल्याशिवाय नवं सॉफ्टवेअर लॅबांना जात न्हाई. माझ्या नावावर अकरा पिवळे. दहा मिटवले. अकरावा हटेना: मोबाईल नंबरावरून पेशंटचा रिपोर्ट शोधताय, एकाहून जास्त सापडले तर? पहिलाच का उचलता?
हैदराबादहून श्रीकांत सरांचा चौथा फोन. पाचपर्यंत बोर्ड हिरवा पाहिजे. डोकं उठलं. त्या जागी ‘दुर्लक्ष कर’ अशी ओळ टाकली, कारण लिहिलं: एक नंबर, एक पेशंट. मास्तर गप. पाचला नवं सॉफ्टवेअर पहिल्या काही लॅबांना गेलं. चहा प्याले.

९ नोव्हें., रवि.
विहारात रक्ततपासणीचं शिबिर. शिबिर घेणाऱ्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर आमचंच, म्हणून मी जरा मिरवून घेतलं. अप्पांना ओढत नेलं, साखर आहे, किडनी बघायची होती. शेजारची शांताअक्का पण आली. तिच्या पायाला सूज, दाबलं की खड्डा राहतोय. डॉक्टरनी तिच्या गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्यात, किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत.
टेबलावरच्या पोरीनं नंबर विचारला. अप्पांनी माझा सांगितला. अक्काकडं फोनच न्हाई, तिनं बी माझाच. गॅस, रेशन, निम्म्या गल्लीचे ओटीपी मलाच येतात. मी बाजूला उभी राहून हसायले, माझं ऑफिसच उघडा म्हणून. एवढी अक्कल.

११ नोव्हें., मंगळ.
दोन मेसेज आले. दोघांची किडनी चांगली. आधी अक्काकडं पळाले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अप्पा दुपारी पोटभर जेवले.
चार वाजता मेसेज पुन्हा वाचले. नावं वेगळी, आकडे तेच. हिमोग्लोबिन १२.८ अन् १२.८. क्रिएटिनिन ०.९ अन् ०.९. खालचे बी सगळे, टिंबासकट. कोड उघडला. दोघांचा नंबर एकच, म्हणून एकाचाच रिपोर्ट दोघांना गेला. कुणाचा, ते कळायला मार्ग न्हाई.

१२ नोव्हें., बुध.
श्रीकांत सरांना सगळं सांगितलं. म्हणे, बोर्ड तर हिरवा आहे, अन् कारण तूच लिहिलंस. शुक्रवारी आणखी लॅबांना पाठवायचंय, आता काही उघडायचं न्हाई. “हौ हौ, देखेंगे. अगले व्हर्जन में डाल.”
तरी ती ओळ काढली. मास्तर पिवळा झाला. जेवून येईपर्यंत कुणीतरी परत घातली होती, माझ्याच शब्दांत.
सरांना काय बोलू. त्यांच्या घरात माणसागणिक फोन. मास्तर बिचारा यंत्र, पण त्यानं विचारलं तरी. मी राजेश्वर गावची, ह्याच गल्लीत जन्मले, मला ठाऊक होतं. माझी मलाच शिसारी यायली.

१३ नोव्हें., गुरु.
लॅबमध्ये गेले. रक्त फेकून दिलेलं. मशीनमधले आकडे दोन दिवसांनी पुसले जातात. वहीत लिहीत होता न्हवं, विचारलं. लॅबवाला म्हणाला, तुमचं सॉफ्टवेअर आल्यावर वही बंद केली, ताई.
बाकीच्या गावांत एका नंबरावर किती जण असतील, त्याचा विचार करायला बसले अन् सोडून दिला.
येताना अक्काकडं गेले तर कुलूप. जनवाड्याला, लेकीकडं. लेक बाळंत झालीय. आई म्हणाली, रिपोर्ट चांगला आला म्हणून जाताना गुडघ्याच्या गोळ्या घेऊन गेली.

१४ नोव्हें., शुक्र.
अप्पांना बिदरला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. कामून परत, कामून परत, रस्ताभर चालू. रिपोर्ट चांगला, जवळजवळ तेच आकडे. म्हणजे मेसेज अप्पांचाच होता. जीव भांड्यात पडला, अन् लगेच स्वतःची लाज वाटली. अक्काचं खरं काय ते कुठंच लिहिलेलं न्हाई.
नवं सॉफ्टवेअर गेलं. ग्रुपवर अंगठे. ‘शून्य शेरे’वाल्यांच्या यादीत माझं नाव.

१६ नोव्हें., रवि.
सकाळच्या बसनं जनवाडा. घर विचारत विचारत गेले. अक्का बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायली. सूज आता पिंढरीपर्यंत. बाळ निजल्यावर सगळं सांगितलं, माझ्या ओळीसकट. वाटलं शिव्या देईल. दिल्या न्हाईत.
“मग मला काय झालंय त्ये सांग की.”
“ठावं न्हाई, अक्का.”
“तूच सांगितलीस, चांगलंय म्हणून.”
“व्हय.”
आत्ताच्या आत्ता बिदरला चल म्हणाले, इथून जवळ आहे, हात जोडले. तर म्हणाली, लेकीजवळ कोण बसंल? गुरुवारी बारसं, ते झालं की येते. बरं, गोळ्या तरी घेऊ नको म्हणाले. गोळ्यांनी पहिल्यांदा उठता-बसता यायलंय तिला, तोंडावर दिसत होतं. तिनं गोळ्यांची पट्टी कमरेच्या पिशवीतून काढून हातात धरली. माझ्याकडं बघत राहिली.
“ह्ये तरी खात्रीनं सांगायलीस का?”
“डॉक्टरनीच बंद...” म्हणायला लागले. तेवढ्यात पट्टी परत पिशवीत गेली. आत बाळ रडलं म्हणून ती भिंतीला धरून उठली. गुरुवारला चार दिवस आहेत.