एफ-टूचं बटण

आई,

लॅपटॉप चालू झालाय. तू काहीही बिघडवलं नव्हतंस.

सुरू करताना एफ-टूचं बटण दाबलेलं असलं, की त्याला वाटतं आपल्याला सेटिंग्ज हवी आहेत. मग तो तेच निळं पान दाखवत बसतो. ते बटण खालीच चिकटून बसलं होतं. आज सकाळी उचकटून पाहिलं, तर आत वाळलेला चहा, साखरेसकट. घरात साखरेचा चहा पिणारा मी एकटाच! तू परोपरीने सांगत होतीस, "अरे, मी नुसता चालू केला," आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसलो.

बटण पुसून बसवलंय. जरा हलतं, पण चालतं.

मावशीला फोन केला होता. म्हणाली, "ताई माझ्यावर रागावली का रे? पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही तिने." चूक माझी होती, असं सांगितलं तिला. आज चार वाजता ती व्हिडिओ कॉलवर वाट बघणार आहे. हिरव्या चौकोनावर टिचकी मार, की दिसेल.

हे खरं तर तोंडावर सांगायला हवं होतं. पण तू भाजीला गेलीस आणि तू परत यायच्या आत मी सटकतोय.

घाईत दुसरा कागद सापडला नाही. हा तू ओळखशीलच, पंधरा दिवस लॅपटॉपच्या झाकणावर होता. उलटू नकोस. मागे माझंच अक्षर आहे: "आईने हात लावू नये."