मोगऱ्याला पाणी घालू नको

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, १ मार्च

प्रिय साबेरा,

सिद्धक्काचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, पण काम सांगितलं की जास्त कुरकुरतो, म्हणून मी लक्ष देत नाही. तुझे रोजे कसे चाललेत? साखर वाढलेली असताना धरू नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, म्हणून म्हणत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, तुझा फोन कायम स्पीकरवर. मी तुला विचारते आणि उत्तर तुझी सून देते. तिच्यावर राग नाही, पोरगी गुणाची आहे. पण मला तुझ्याशी बोलायचंय. मराठी शाळेत सातवी झालेली बाई तू, चष्मा लाव आणि स्वतः वाच. नातीला वाचायला लावू नकोस.

आधी हवापाणी. यंदाची थंडी लई चिवट. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली की थंडी हटते असं आपण दरवर्षी म्हणतो, यंदा यात्रेतले पाळणे उतरवून लोक गावाला गेले तरी सकाळी शाल घेतल्याशिवाय गच्चीवर पाय ठेवता येईना. आता दुपारी फरशी तापते. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, माणसाला कळेना तर झाडाला काय कळणार? माझ्या वालावर मावा पडला. राख टाकली, कडुनिंबाचं पाणी मारलं, तरी अर्धा वेल गेलाच. शेवंती मात्र अशी फुलली की मागच्या गच्चीवरची सुंदरम्मा रोज कठड्याला टेकून म्हणायची, "एक रोप दे की." गेल्या वर्षी जास्वंदीची एक फांदी द्यायला तिनं मला किती नाचवलं, ते मी विसरले नव्हते. दिलं रोप, पण जरा तंगवून दिलं. तू असतीस तर पहिल्याच दिवशी देऊन टाकायला लावलं असतंस.

आता तुझा मोगरा.

इमामभाईंच्या मागं घरात बसायची तुझी चार महिन्यांची इद्दत संपली आणि लेक तौहीद तुला बार्शीला न्यायला आला, त्या दिवशी रिक्षात बसता बसता तू मला एवढंच म्हणालीस, "सिद्धक्का, मोगऱ्याला पाणी घालू नको." मी रडत होते, का ते विचारलं नाही. मला वाटलं, इमामभाई गेले, तुझं त्या कुंड्यांवरून मन उडालं. त्यांनी लावलेली झाडं त्यांच्यामागं वाळून जाऊ देत, असंच तुझ्या मनात असणार. मी वांगी-टोमॅटो लावणारी बाई. थंडीत मोगरा तहानलेला ठेवायचा असतो, पानं गाळायची असतात, त्याशिवाय उन्हाळ्यात फुलं धरत नाहीत, हे मला कुठून माहीत असणार? तो सगळा इमामभाईंचा कारभार, मी आपली कठड्याच्या अलीकडून वास घेणारी. मनात म्हटलं, बिचारी दुःखात बोलून गेली, तिचं काय ऐकायचं. आणि रोज सकाळी तुझ्या जिन्यानं वर जाऊन झारीभर पाणी घातलं. वर आठवड्याला ताकाचं पाणी, लाडाचं म्हणून.

मग डिसेंबरच्या शेवटी तू फोनवर विचारलंस, "पानं झडली का गं?" आणि मी तोऱ्यात सांगितलं, "झडतील कशी? मी हाय की हितं. हिरवागार ठेवलाय!"

तू हसायलाच लागलीस. जुलैत इमामभाई गेले त्यानंतर तुझं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. हसून झाल्यावर जी बरसलीस! "येडी हाय का खुळी तू? हिरवागार ठेवून काय भाजी करायची त्याची?"

त्या दिवसापासून रोज तुझा फोन. पाणी तोड. पानं पिवळी पडू दे. घाबरू नको. मी झारी उचलायचे आणि परत खाली ठेवायचे. हळूहळू सगळी पानं गेली, नुसत्या काड्या उरल्या. सुंदरम्मा म्हणाली, "मारून टाकलंस की गं बाई, त्या माणसाची आठवण होती ती." माझा जीव असा खाली-वर झाला काय सांगू. पण तू म्हणायचीस, "अजून थांब." मग एके दिवशी म्हणालीस, "आता कात्री लाव. हात आखडू नको, चांगलं खाली छाट." छाटलं. माती उकरली, शेणखत भरलं, तू सांगितलंस तेव्हा पाणी सोडलं. पोपटी फुटवे आले तेव्हा मी ह्यांना हाताला धरून वर नेलं. हे म्हणाले, "पानंच तर आहेत."

आज सकाळी कळ्या दिसल्या. पांढऱ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. आणि जिन्याजवळच्या कुंडीत एक फूल चक्क उमललंय. उशिरा का होईना, फुललं गं बाई तुझं झाड. मी ते तोडलं नाही. देवालाही नाही वाहिलं. तिथंच उभी राहिले आणि रडले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. वेलाचं, माव्याचं लिहीत बसले ते हे पुढं ढकलायलाच.

मागच्या रविवारी तौहीद आला होता. एकटा नव्हता. चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागलेली दोन पोरं होती बरोबर, तुझं घर बघायला. ईद झाली की राहायला यायचं म्हणतात. पोरं साधी आहेत, चपला बाहेर काढून आत गेली. त्यांनी विचारलं, गच्चीवर कपडे वाळत घालता येतील का. तौहीद त्यांना म्हणाला, कुंड्या काढून घेऊ.

ती पोरं खाली गेल्यावर तो कठड्याशी माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला, रोजा होता. म्हणाला, "मावशी, तुमी समजवा अम्मीला. तुमचं ऐकती ती. आता तितंच रहा म्हणावं." मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाला, "मी सांगितलं की ती व्हय म्हणती आणि खिडकीकडं तोंड करून बसती." मग म्हणाला, "अब्बा वर गच्चीवर पडले तवा मी बार्शीत होतो. पोचेस्तवर सगळं संपलं होतं. अम्मीच्या वेळी मला असं पोचायचं न्हाय."

साबेरा, तो कुंड्यांकडे पाठ करून उभा होता. ज्या जागी बाप पडला तिथं त्याच्यानं बघवत नाही. एवढा थोरला माणूस, पण मला तो हाफ पँटीतलाच दिसला. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. सांगते म्हणाले.

तर सांगते. तू बार्शीत राहा. तिथं मुलगा आहे, सून आहे, नात समरा आहे, दवाखाना जवळ आहे. इथं जिना आहे आणि तुझी साठी होऊन गेली. तौहीदच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. त्याला दिलेला शब्द मी पाळला.

आता माझं ऐक. मोगऱ्याचं मी जे केलं तेच तौहीद तुझं करतोय, असं मला वाटतं. जीव लावूनच करतोय. समरानं मला गुपचूप सांगितलंय, दादीनं भाजी निवडायला घेतली की अम्मी ताट काढून घेते, दादीनं बादली उचलली की अब्बा धावतात. दिवसभर बसवून ठेवलंय तुला. मला रागावत होतीस तेव्हा तुझा आवाज कसा खणखणीत होता! छाटणी झाली, सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि पुन्हा तुझं सुरू झालं, मी बरी हाय, मी बरी हाय.

आणि हे मी तुझ्या भल्यासाठीच म्हणते असं नाही, उगीच मोठेपणा कशाला घेऊ. मला तू हवीस. हे आहेत घरात, पण कुंडी आणि बादली यातला फरक ह्यांना कळत नाही. सकाळी चहा घेऊन वर जाते, कठड्याशी जाते, आणि पलीकडे कुणी नसतं. मला ते सोसत नाही गं. उद्या तिथं दोन परक्या पोरांचे शर्ट वाळत असतील, त्यांच्याशी मी काय बोलू?

काल मी ह्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी हे वर जाऊन आले, गुडघा धरत, आणि म्हणाले, "आपल्या आणि साबेराच्या गच्चीमधला कठडा मधून फोडून दार करता येईल. गवंड्याला विचारून आलोय. तिला कधी काही झालं तर आपण लगेच तिच्यापाशी. आणि तौहीदशी मी बोलतो, तो माझा मान ठेवतो."

मला हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

पण तू सांगितल्याशिवाय आम्ही विटेला हात लावणार नाही. मागच्या वेळी तू सांगितलंस ते मी माझ्या मनानं फिरवलं. यंदा तसं करणार नाही. तुला खरंच तिथं राहायचं असेल तर तसं लिही, मी कुंड्या माझ्याकडे घेईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. यायचं असेल तर तेही लिही. तुला काय हवंय, हे आजवर आमच्यापैकी कुणीच तुला विचारलं नाही, म्हणून मी विचारतेय.

ईदच्या आधी कळव. तू कुठंही राहिलीस तरी

तुझीच,
सिद्धक्का