तेराव्याचे बूट

बेसिंगस्टोक,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना मीनाक्षीचा साष्टांग नमस्कार.

आज यतीनचं तेरावं झालं. दिवसभर पाऊस होता. भटजींनी व्हिडिओवर सगळं नीट सांगितलं.

त्याच्या पुढच्या वाटेसाठी दान द्यायचे जोडे कोणते घ्यावेत, यावर मात्र मी अडले. दान घ्यायला त्याचा शिकारीचा मित्र ग्रॅहम आला होता. (यतीनने कधी काही मारलं नाही, नुसता सोबत हिंडायचा.) त्यालाच विचारलं, "लांबच्या वाटेला कोणते बूट चांगले?"

"जमीन कसली? दलदलीला गमबूट, डोंगराला जाड तळव्याचे. थंडी किती?"

"ठाऊक नाही."

"मग घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे. आणि पायात रुळलेले. नव्यांनी फोड येतात."

म्हणून यतीनचे जुनेच दिले. तुम्ही नवे सांगितले होते, रागावू नका. त्याला फोड यायला नकोत. ग्रॅहम ते घालूनच पावसात चालत गेला.

बाबा जेवतात ना? तुम्हाला झोप लागते? मी बरी आहे.

ग्रॅहम गेल्यावर दारातला चिखल पुसला आणि अर्धी वाटी तांदूळ धुतले.

तुमची,
मीनाक्षी